आईच्या मूत्राशयातली गाठ

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आमलीच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या एका खोलीत राहून बी.कॉम. केलं. घरात कुठलाही कागद आला की वाचायला माझ्याकडे येतो, आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

आईच्या सोनोग्राफीचा रिपोर्टही तसाच आला. आई धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला. लघवी अडते, जाऊन आलं तरी पुन्हा लागल्यासारखं वाटतं, हे तिने सहा महिने लपवलं होतं. मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीएवढी गाठ निघाली. त्यापुढचे शब्द माझ्या डोक्यावरून गेले.

"काय लिहिलंय गं?"

"नाही कळलं. विचारून येते."

असं मी तिला पहिल्यांदाच म्हणाले.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर पेनाने मूत्राशयाचं चित्र काढून दाखवलं. गाठ भिंतीतल्या स्नायूची दिसते, फार क्वचित होते, बहुतेक कॅन्सर नाही. पण काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. मी तेच तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते हसले, "बी.कॉम. ना? ऑडिट चाललंय वाटतं!"

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी धुळ्याहून मामा आले. आईपेक्षा लहान, पण आवाज मोठा.

"ताई, गाठीला चाकू लावू नको. लोखंड लागलं की पसरते ती. गावातले दोघं असेच गेले."

आई भिंतीकडे बघत बसली. ती ऑपरेशनला नाही म्हणणार, असंच मला वाटलं. मी रिपोर्टमागचं चित्र दाखवायला लागले, तर मामा म्हणाले, "चार बुकं शिकलीस म्हणून डॉक्टर झालीस का?"

लागलं मला. पण उत्तर होतं माझ्याकडे. "नाही झाले, म्हणून तर तीनदा विचारून आले. त्या दोघांना नेमकं काय झालं होतं, ते तुम्ही विचारलंत कुणाला?"

मामांनी चहाचा कप उचलला. रिकामाच होता.

आई उठली. "माझे दोन गाऊन घे पिशवीत," मला म्हणाली.

पोट कापावं लागलं नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून गाठ काढली. तपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा मी आधी डॉक्टरांकडून समजून घेतला, मगच आईला सांगितलं : साधी गाठ. कॅन्सर नाही.

"परत सांग," आई म्हणाली. मी परत सांगितलं.

संध्याकाळी मामांचा फोन. "मी म्हणतच होतो ताई, काढून टाक म्हणून!"

"हो रे बाबा, तूच म्हणालास," आई हसत म्हणाली.

मी मागून ओरडले, "मामा, साफ खोटं!"