चार बोटं वर राहिलेला पडदा

आमच्या नाटक मंडळीत ढग तयार करायचं काम बाळासोकडे होतं. १९८८ पासून मंडळी बंद पडेपर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, त्याने दुसऱ्या कोणाला निखाऱ्यांच्या घमेल्याला हात लावू दिला नाही. एरवी कोल्हापुरात दारोदार हिंडून तो पितळी भांड्यांना कल्हई लावायचा. प्रयोग असला की तोच भाता, तोच नवसागर घेऊन आमच्या टेम्पोत चढायचा. निखाऱ्यांवर नवसागर पडला की पांढराशुभ्र धूर उठे, आणि त्या ढगांतून मी, इंद्राच्या दरबारची अप्सरा, बिनकठड्याच्या सात पायऱ्या उतरे. वय पन्नाशीचं. धुराची गरज मलाच जास्त होती.

१९९६ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीला धूर विरळ पडला. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अप्सरेच्या पायाला भेगा हायत की." लोक पोट धरून हसले. ते हसू माझ्या कानात राहिलं.

पुढचा प्रयोग ऑगस्टमध्ये, राधानगरीला, दुपारचा. बाहेर पाऊस कोसळत होता, हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाळासो उकिडवा बसून पडद्याखाली बोटं घालत होता. सुती दोऱ्या ओल धरून आखडल्या की पडद्याची खालची काठी जमिनीपासून वर राही. ते अंतर बघून तो नवसागर ठरवायचा: फट जितकी जास्त, तितका नवसागर कमी.

"अक्का, पडदा आज चार बोटं वर हाय. एकच चिमूट टाकतो."

"इचलकरंजीत चार टाकल्या होत्यास, तरी पाय दिसले. आज पाच टाक."

"तिथं हवा कोरडी हुती. ह्यो धूर मिठाच्या जातीचा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतंय का न्हाय? तसा ह्याचा कण न कण पाणी पिऊन फुगतोय. डोळ्यापुढचा हात दिसायचा न्हाय."

"हवामान खात्यात नोकरी बघू का तुला?"

त्याने भाता पुढे ओढला. मंडळीत माझा शब्द कोणी मोडत नसे. पाच चिमटी पडल्या.

पहिल्या पायरीवर धूर घोट्याशी होता, तिसरीवर कमरेशी. शेवटच्या पायरीवर मला माझा हात दिसेना. दिवे चालू होते, पण उजेड धुरातच अडकून दुधासारखा पांढरा झाला होता. पायऱ्यांपुढे सहा पावलांवर जमिनीतली झडप उघडी होती. तिच्यातून आमचा नट कृष्णात नाग होऊन वर यायचा. खाली पुरुषभर खोली. झडपेभोवतीची खडूची रेघ बघून मी रोज उजवीकडे वळायची. आज रेघच दिसत नव्हती.

पेटीवर पदाचे सूर सुरू झाले. मी थांबले तर पुन्हा हसं होणार. मी चालू लागले. एक, दोन, तीन. खालून कृष्णात खोकला, पण समोरून की डावीकडून, कळेना. चार. हे पाऊल मोठं तर पडलं नाही? पाचवं उचललं आणि कोणीतरी माझा घोटा गच्च धरला.

"अक्का, पाऊल मागं घ्या," बाळासो कुजबुजला. "आता उजवीकडं. सरळ."

तो पालथा पडून, फळ्या चाचपत झडपेच्या कडेपर्यंत सरपटत आला होता. मी गायले. आवाज थरथरत होता. लोकांना तो भाव वाटला, टाळ्या पडल्या.

पडदा पडल्यावर पाहिलं तर बाळासोच्या दोन्ही तळहातांना फोड. धूर वाढू नये म्हणून त्याने आधी पेटतं घमेलं हातांनीच विंगेबाहेर ढकललं होतं. मलम लावताना मी म्हटलं, "ठणकावून सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तुम्ही नोकरी बघाय निघालतासा."

दिवाळीनंतर कबनूरला प्रयोग होता. पडदा टांगल्याबरोबर मी स्वतः उकिडवी बसले आणि खाली बोटं घातली.

"दोन बोटं वर आहे. दोन चिमटी टाकशील?"

त्याने माझा हात बाजूला केला आणि स्वतःचं एक जाडजूड, डागलेलं बोट फटीत सरकवलं. ते घट्ट बसलं.

"तीन टाकतो," तो म्हणाला. "तुमची बोटं बारीक हायत."