चंचीतल्या गोळ्या आणि दादांच्या पायातला कॅमेरा

मी पेडगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि राहायला परभणीत. रोज स्कूटीवर अप-डाऊन. शाळेच्या वाटेवरच माझं माहेर. दादा, म्हणजे माझे वडील, सकाळी ओट्यावर बसलेले असायचे. मी हॉर्न वाजवायची, ते हात वर करायचे, की झाली आमची भेट. स्टाफरूममध्ये मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, की आमची बाप-लेकीची एक दिवस चुकामूक होत नाही.

मग दादांचा उजवा पाय दुखायला लागला. थोडं चाललं की पोटरी धरायची, बसलं की सुटायची. करंगळी काळपट पडली. परभणीच्या डॉक्टरांनी पायातली रक्तवाहिनी अरुंद झालीय असं सांगून रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं अगदी वेळेवर केरात पडत होती आणि पाय मात्र बिघडतच चालला होता. शेवटी आम्ही नांदेडचा मोठा दवाखाना गाठला.

"गोळ्या चालू असताना असं व्हायला नको," तिथले डॉक्टर म्हणाले. "आत कॅमेरा घालून बघू. उशीर झाला तर आधी बोट जाईल, मग पाऊल."

जांघेतून शेवयीएवढी बारीक तार रक्तवाहिनीत सरकवायची, तिच्या टोकाशी कॅमेरा, आणि आतल्या भिंती बाहेर पडद्यावर दिसणार. भूल फक्त जांघेपुरती, माणूस जागाच राहतो. मी विज्ञानाची बाई, मला राहवतंय थोडंच. कॅमेऱ्याच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर खडूनं आकृती काढून दादांना आणि त्यांच्या बैठकीतल्या म्हाताऱ्यांना सगळं समजावलं. दादांनी फक्त एक विचारलं, "आत काय काय दिसतंय?"

"सगळं दिसतंय," मी ऐटीत म्हणाले.

दादांचा चेहरा पडला. भीती वाटत असेल म्हणून मी त्यांना धीर दिला. त्यांना भीती होती खरी, पण तारेची नव्हे.

दुसऱ्या दिवशी दादांना आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. काळी करंगळी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. काही वेळानं डॉक्टर बाहेर आले ते हसू दाबत.

"मॅडम, आत रक्ताची गुठळी दिसली, ती पण ताजी. रोज गोळी घेणाऱ्या माणसाला ताजी गुठळी कशी, म्हणून मी पडद्याकडं बघत नुसतं 'हं' म्हटलं. तर तुमचे वडील म्हणतात, दिसलं का? दिसलंच असंल तर सांगतो."

आणि मग त्या टेबलावर पडल्या पडल्या दादांनी सगळं कबूल केलं.

दादांची कापडी चंची होती, पान, सुपारी, तंबाखू ठेवायची. ओट्यावर कोणी टेकलं की चंची पुढं करायची, आलेल्यानं त्यातलं काहीतरी उचलायचं, ही आमच्याकडची रीत. वय वाढलं तशा चंचीत सुपारीशेजारी गोळ्या आल्या. रीत तीच राहिली. बैठकीतला प्रत्येक जण आपापली चंची उघडायचा आणि गुडघ्याच्या गोळीला बीपीची गोळी, शुगरच्या गोळीला पित्ताची, अशी देवाणघेवाण व्हायची. कोणाला कोणती लागू पडते यावर चर्चा व्हायची. दादांची गोळी परभणीहून येणारी, चकचकीत पाकिटातली, म्हणून तिला भलताच मान. ती खास पाहुण्याला. यजमानानं स्वतःच खाऊन टाकली तर कसं दिसेल, म्हणून दादा स्वतः तंबाखूवर भागवत होते. मी केरातली पाकिटं बघून खूष होते. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं रक्त पातळ झालं होतं, एक दादा सोडून.

डॉक्टर म्हणाले, गुठळी ताजी आहे हे नशीब, ती ओढून काढता येईल. त्यांनी ती काढली. बोट वाचलं. "पण आता एकही गोळी चुकता कामा नये," त्यांनी मला बजावलं. "परत गुठळी झाली तर पाय वाचवायची हमी मी देणार नाही."

परतीच्या जीपमध्ये मी दादांकडं बघत होते आणि मला धडकी भरली होती. हा माणूस उद्या पुन्हा चंची उघडणार. मी शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण देणारी बाई. त्या दिवशी सरळ सांगून टाकलं, "दादा, ध्यानात ठेवा. कॅमेरा आतच ठेवलाय. गोळी घेतली की न्हाई ते डॉक्टरला रोज दिसणार हाय."

दादांनी आधी पायाकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले.

तेव्हापासून मी रोज सकाळी स्कूटी थांबवायची. हातानं गोळी द्यायची, दादा पायाकडं बघत ती गिळायचे, मग चहा. दहा मिनिटांचा अर्धा तास कधी झाला कळलंच नाही. ते कापसाचं सांगायचे, मी मुख्याध्यापकांच्या कागाळ्या सांगायची. दादांनी तंबाखूही सोडली. कॅमेऱ्याचं ऐकून बैठकीचे तर धाबेच दणाणले. एक म्हातारा दादांच्या उजव्या बाजूला बसेना, दुसरा तंबाखू मळताना त्यांच्या पायावर उपरणं टाकायचा. गोळ्यांचा बाजार उठला. विज्ञानाला जे जमलं नसतं ते माझ्या थापेनं केलं, याची मला लाज वाटायची आणि थोडा गर्वही.

वर्षभरानं माझी बदली पाथरी तालुक्यात झाली. वाट बदलली, पेडगाव सुटलं. शेवटच्या सकाळी माझ्यानं राहवलं नाही. मी उद्यापासून नसताना ही थाप कोण सांभाळणार, आणि ती फुटली तर पायाचं काय?

"दादा, एक सांगायचंय. पायात कॅमेरा न्हाई. मी खोटं बोलले."

"ठाव हाय मला," दादा म्हणाले. "मी जागाच होतो की. तिथल्या नर्सबाईनं तार काढून माझ्या डोळ्यांदेखत ताटात ठेवली."

"मग वर्षभर गप कामून बसलात?"

दादांनी चंचीतून गोळी काढली, स्वतःच, आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली.

"कॅमेरा न्हाई म्हणलो असतो," ते म्हणाले, "तर तू थांबली असतीस का?"