आडव्या कानाचे बोळे

बाटल्या भरण्याच्या कारखान्यात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत. त्या खणखणाटात रात्रपाळ्या करून तिचा आवाज असा चढला होता, की तिने नुसतं “मीठ द्या” म्हटलं तरी समोरचा दचकायचा. सकाळी घरी येऊन ती झोपायची. म्हणजे झोपायची खटपट करायची. झोपलेली बाई म्हणजे घरात मोकळी असलेली बाई, अशी घरच्यांची पक्की समजूत. सासूबाईंना चष्मा सापडायचा नाही, लेकीला चार्जर. नवरा शिंपी, पुढच्याच खोलीत त्याचं मशीन दिवसभर घरघरायचं, आणि त्यालाही कात्री हिनेच शोधून द्यायची.

एका पाळीत तिला उभ्याउभ्या डुलकी लागली आणि बाही बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्यात गेली. शेजारणीने मशीन बंद केलं म्हणून निभावलं, नुसती बाहीच फाटली. पुढच्या वेळी हात जाईल, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

मग तिने आवाज अडवायला कानात घालायचे, कारखान्यातलेच दोरीवाले बोळे घरी आणले. चुकलंच तिचं. ते बोळे उभ्या माणसासाठी. कुशीवर वळलं की त्यांचा दांडा उशीला टेकायचा आणि थेट कानात रुतायचा. कान सुजला, झोप गेली ती गेलीच.

ती तरातरा औषधांच्या दुकानात गेली आणि बोळ्यांचे होते नव्हते तेवढे सगळे प्रकार विकत घेऊन तिथल्याच बाकावर आडवी झाली.

“अहो ताई, गिऱ्हाइकं येतात!” दुकानदार कळवळला.

“येऊ देत की! चप्पल घालून चालून बघतात, मी हे झोपून बघते. माझं काय चुकलं?”

मेणाचे केसांना चिकटले. रबरी टोचले. फोमचे मोठे आत फुगून ठणकायला लागले. शेवटी फोमचेच लहान, मऊ बोळे तिने बोटांत वळून बारीक केले, कान वर ओढून आत सारले आणि कुशीवर वळली. काही टोचेना, बाहेर काही डोकावेना. दुकानदाराचे नुसते ओठ हलत होते.

“काही ऐकू येत नाही!” ती इतक्या आनंदाने ओरडली, की रस्त्यावरची माणसं थांबली.

घरी सासूबाई झोपायच्या खोलीच्या दारातच उभ्या. “घरच्या बाईने कानात बोळे घालून झोपायचं? उद्या मी पडले, हाक मारली, तर?”

प्रश्न खोटा नव्हता. त्यांना पायाचं दुखणं होतं, आणि तिचा त्यांच्यावर जीवही होता. पण फाटलेली बाही काही डोळ्यांपुढून हलेना.

“आई, तुमचा मुलगा पलीकडच्या खोलीत बसलाय. नात घरात आहे. माझ्या कानात बोळे असतील, त्यांच्या कानात काय आहे?”

मशीनची घरघर थांबली. तिने बोळे वळले, कानांत सारले आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सासूबाई बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग वळल्या, आणि चष्मा शोधून दे म्हणून त्यांनी मुलाला हाक मारली. पहिली त्याने ऐकली न ऐकल्यासारखी केली. दुसरी अशी खणखणीत होती, की तो कात्री टाकून उठला. सून गाढ झोपली होती.