पाळण्यातली स्वेतलाना

टेबलावर तळहात आपटून वहिनी “ठरलं!” म्हणाल्या की विषय संपला. भाजी कोणती, पंखा कितीवर, मी पीएचडीला अर्ज करायचा की नाही, सगळं त्या एका आवाजात ठरायचं. अशी ठाम माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण रशियातून आलेलं आणि मराठीत ठरवणारं माणूस बहुतेक पाहिलं नसेल.

सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी शिकत असताना भाड्याच्या खोलीत राहायची. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, पुण्याचे. माझ्या घरच्यांत कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परक्या घरात बोलण्याआधी दहादा विचार करायची.

“तू फार घाबरते,” वहिनी म्हणायच्या. “आधी जेव. मग घाबर.”

त्यांना मुलगी झाली. पुण्याहून सासूबाई आल्या. मी त्यांना काकू म्हणायची. वहिनींनी टेबलावर तळहात आपटला. “नाव स्वेतलाना. ठरलं!”

“अगं, जीभ वळायला नको? श्वेता ठेवू या. जवळजवळ तेच.”

“श्वेता म्हणजे पांढरी. हा उजेड.”

“मग उज्ज्वला ठेव!”

वहिनी उठून गेल्या. पुढे दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

त्या नावाची गोष्ट मला ठाऊक होती. भांडी पुसताना वहिनींनीच सांगितली होती. ‘स्वेत’ म्हणजे उजेड. त्यावरून कवींनी हे नाव घडवलं आणि कवितांतून ते घराघरांत गेलं. संतांच्या नावांत ते नव्हतं. त्यामुळे वहिनींच्या आजीच्या बाप्तिस्म्याला पाद्री अडला आणि त्याने त्याच अर्थाचं ग्रीक नाव ठेवलं, फोतिनिया. “त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. कुणीच नाही.” याच आजीने वहिनींना वाढवलं. ती गेली तेव्हा वहिनींना इथून जाता आलं नव्हतं.

बारशाला सख्खी आत्या येऊ शकली नाही, म्हणून आत्या मी झाले. शेजारच्या मलय मावशींनी स्प्रिंगला टांगायचा सारोंगचा, म्हणजे लुंगीसारख्या कापडाचा, झोका दिला होता; तोच पाळणा. “उज्ज्वला सांग हं,” काकू पुटपुटल्या. वहिनी समोर बसल्या होत्या, हात मांडीवर.

मी वाकले आणि तशीच थांबले.

“काकू, ते... स्वेतलाना हे वहिनींच्या आजीचं नाव आहे. त्यांनीच वहिनींना वाढवलं. त्या आता नाहीत.”

काकूंनी सुनेकडे पाहिलं. “हे आधी सांगायचं नाही होय? नुसतं ठरलं, ठरलं! अगं, गेलेल्या माणसाचं नाव आम्हीसुद्धा हौसेनं ठेवतो.” मग माझ्याकडे वळल्या. “सांग तू. माझी जीभ वळेल हळूहळू.”

मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. कुर्रर्र! रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. त्यातला एक ओळखीचा होता, टेबलावरचा. “ठरलं” मात्र ऐकू आलं नाही. वळून पाहिलं तर वहिनी रडत होत्या.

आता ते सगळे पर्थला असतात. काल पीएचडीचा अर्ज पाठवताना माझं बोट बटणावर अडून राहिलं. नकळत मी पाठ थोडी पुढे वाकवली, धपाट्याची वाट पाहावी तशी. मग बटण दाबलं.