घरातली यादी बाहेर दिसावी म्हणून

मुलगी दीड वर्षाची असताना तिला थॅलेसेमिया असल्याचं कळलं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागायचं. आम्ही बदलापूरला, कात्रपमध्ये राहायचो आणि रक्तासाठी उल्हासनगरच्या एका दवाखान्यात जायचो. नवरा अंबरनाथला कारखान्यात शिफ्टमध्ये होता, त्यामुळे बहुतेक वेळा मी एकटीच तिला घेऊन जायचे. सकाळी सुई लागली की दुपारपर्यंत पलंगाशेजारी बसून राहायचं. वॉर्डात आजूबाजूच्या पलंगांवर अशीच मुलं आणि त्यांच्याशेजारी माझ्यासारखेच आईबाप असायचे.

रक्ताच्या पिशवीच्या बदल्यात आपण रक्तदाता आणून द्यायचा, अशी तिथली पद्धत होती. एकदा दिलं की त्या माणसाला तीन महिने परत देता येत नाही. प्रत्येकाकडे नावांची डायरी असायची आणि त्या डायऱ्यांमध्ये बरीचशी माणसं तीच होती. आमच्या विहारातल्या एका दादांना मी फोन केला, तर ते म्हणाले, "ताई, गेल्या महिन्यातच दिलं की. तुमच्याच वॉर्डातल्या एका बाईंनी बोलावलं होतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला ओशाळल्यासारखं झालं.

मी तेव्हा कुळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. वेबसाइट बनवायला पुस्तक वाचून शिकले होते. मुलगी बालवाडीत असायची त्या वेळात मी घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइटच्या पानासारखी एक छोटी यादी तयार केली. नाव, गाव, रक्तगट, फोन नंबर आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. तीन महिने झाले नसतील तर ती ओळ लाल दिसायची. वॉर्डातल्या सगळ्यांच्या डायऱ्या घरी आणून मी नावं भरली.

मग फोन सुरू झाले. कुणालाही रक्तदाता हवा असला की माझ्या घरी फोन. पोळ्या लाटताना, मुलीला आंघोळ घालताना, क्लासला निघताना. एका आईला मी म्हटलं, "जरा दहा मिनिटांनी करता का?" ती म्हणाली, "दहा मिनिटांनी डॉक्टर निघून जातील हो." मी गॅस बंद करून कॉम्प्युटर लावला.

शेजारच्या पलंगावर बारा वर्षांचा एक मुलगा यायचा. त्याच्या वडिलांचं उल्हासनगरला कपड्यांचं दुकान होतं. सिंधी गृहस्थ, बोलायला मऊ. दुकानात कॉम्प्युटर होता, इंटरनेट होतं. त्यांनीच सुचवलं, "दीदी, ये लिस्ट मेरी दुकान में खुलेगी तो आधे फोन मेरे पास भेज दो. मैं बता दूंगा सबको."

आमच्याकडे नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. माझ्या मशीनवर दिसणारा आकड्यांचा पत्ता मी त्यांना फोनवरून सांगितला. त्यांनी तो चार वेळा टाइप केला. दर वेळी तेच उत्तर, "कुछ नहीं आ रहा, दीदी." मध्येच त्यांच्याकडे गिऱ्हाईक यायचं, ते रिसिव्हर बाजूला ठेवायचे आणि मी त्यांच्या दुकानातलं बोलणं ऐकत बसायचे.

क्लासमधल्या नेटवर्किंग शिकवणाऱ्या सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तो आकडा फक्त तुमच्या घरापुरता. बाहेर तुमच्या मॉडेमचा पत्ता दिसतो. आणि बाहेरून कुणी आलं की त्याला कोणत्या मशीनकडे पाठवायचं, हे मॉडेमला सांगून ठेवावं लागतं."

मॉडेमचं सेटिंग उघडून मी ते भरलं. बाहेरचा पत्ता शोधून काढला आणि घरूनच टाकून पाहिला, तर माझ्या यादीऐवजी मॉडेमचंच पान उघडलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. आठवडाभर हेच चाललं आणि मग मी नाद सोडला. त्याच महिन्यात मुलीला रक्त द्यायला चार दिवस उशीर झाला. तिच्यासाठी ठरलेल्या माणसाने आधीच दुसऱ्या कुणासाठी दिलं होतं. हिमोग्लोबिन सातच्याही खाली गेलं होतं. डॉक्टर मला बोलले, आणि ते बरोबरच होतं. घरी आल्यावर तिला झोपवून मी परत कॉम्प्युटरसमोर बसले.

सरांनी सांगितलं की घरून तपासण्यात अर्थ नाही, काही मॉडेम आतून असंच दाखवतात. म्हणून पुन्हा दुकानात फोन केला. तिथूनही काही नाही. मग इंटरनेट कंपनीला. बऱ्याच वेळाने एक जण म्हणाला, "घरगुती कनेक्शनवर वेबसाइटचं नेहमीचं पोर्ट बाहेरून बंदच असतं, मॅडम. दुसऱ्या नंबरचं वापरून बघा." पोर्ट म्हणजे आत यायचं दार. ते बदललं, मॉडेमला नवा नंबर सांगितला आणि दुकानात फोन लावला.

त्यांनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाइप केला. मग म्हणाले, "आ गया, दीदी. लाल लाइनें भी दिख रही हैं."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पाठ इतकी दुखत होती की आनंद वगैरे काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी लोडशेडिंग झालं, मॉडेम बंद पडून चालू झालं आणि बाहेरचा पत्ता बदलला. दर वेळी वीज गेली की हेच. शेवटी एक फुकट सेवा सापडली. ती आपल्याला एक कायमचं नाव द्यायची आणि पत्ता बदलला की त्या नावामागे नवा पत्ता लावायची. पत्त्याचा प्रश्न सुटला, विजेचा नाही. मी लोडशेडिंगचं वेळापत्रक वहीच्या कागदावर उतरवून वॉर्डाच्या दाराशी चिकटवलं आणि खाली लिहिलं, "या वेळात यादी दिसणार नाही."

पुढचे काही महिने बरे गेले. काही जणी सायबर कॅफेत जाऊन स्वतःच यादी बघायला लागल्या. पासवर्ड मी ठेवलाच नव्हता. लोक विसरतील आणि तो विचारायला परत मलाच फोन करतील, एवढाच विचार केला होता.

मग एका सकाळी बेलवलीहून एका शिक्षिकेचा फोन आला. त्या दोनदा रक्त देऊन गेल्या होत्या. "माझा नंबर तुमच्या यादीतून बाहेर गेलाय," त्या म्हणाल्या. "कोण कोण पुरुष फोन करतायत. काल वर्गात असताना तीन वेळा आला." मी फोन चालू असतानाच मॉडेमची वायर काढली.

संध्याकाळी नवऱ्याला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या सासूबाईंनी पाणी दिलं. मग त्या आत न जाता तिथेच उभ्या राहिल्या. शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "मी रक्त द्यायला हो म्हटलं होतं. नंबर चारचौघांत लावायला नाही."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी विचारायला हवं होतं."

"माझं नाव काढून टाका. मला आता नंबर बदलावा लागणार."

मी हो म्हटलं. आम्ही रिक्षाने परत निघालो. घराजवळ आल्यावर नवरा म्हणाला, "सोडून दे ना हे सगळं. आपल्या पोरीपुरती डायरी पुरे आहे."

"आणि बाकीच्यांनी काय करायचं?"

तो रिक्षाचे पैसे द्यायला उतरला. पण रविवारी मी एकेका रक्तदात्याला फोन करून नाव ठेवू की काढू असं विचारायला बसले, तेव्हा अर्धी यादी त्याने माझ्या हातातून घेतली. ते काम तीन आठवडे चाललं. बरीच नावं गेली. काहींनी सुनावलं. एका काकांनी मात्र उलट माझीच विचारपूस केली.

यादी परत चालू केली ती पासवर्ड लावून. नंबर फक्त मला आणि त्या सिंधी गृहस्थांना दिसायचे, बाकीच्यांना तारीख आणि रक्तगट तेवढा. म्हणजे फोन परत आमच्याकडेच यायला लागले, पण आता दोघांत वाटून. असं आम्ही दोन वर्षं चालवलं. मग दवाखान्याने स्वतःचं रजिस्टर सुरू केलं आणि यासाठी एक बाई नेमल्या. मी त्यांना यादी प्रिंट करून दिली, लाल ओळींवर पेनाने खुणा करून. घरी येऊन मॉडेममधलं सेटिंग काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवी झाले. फोन वाजला तेव्हा उठवत नव्हतं. नवऱ्याने उचलला. "हो, यादी आधी इथेच होती," तो कुणाला तरी सांगत होता, "आता दवाखान्यात आहे. थांबा, नंबर देतो." तो सावकाश एकेक आकडा सांगत होता, मग समोरच्या माणसाला ऐकू गेलं नसावं, त्याने सगळा नंबर परत सांगितला. मी डोळे मिटून पडून राहिले.