डबी खिशात आणि मी थेटरात
आम्ही लिंगायत. बायको गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी पुसायला बसली की विभूतीचा वास येताच मी उठून बाहेर जातो. काही वर्षांपूर्वी बिदरला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आत जाताना ती डबी माझ्या हातात देत ती म्हणाली, "इथंच बसा ओ. हे गळ्यात आल्याबिगर मी पाणीबी पिणार न्हाई." दवाखान्यासमोरच्याच थेटरात एका मारामारीच्या पिक्चरचा दुसरा भाग लागला होता. पहिल्या भागाच्या शेवटी नायक धरणात पडला होता, आणि तो वाचला कसा यावर आमच्या कमठाणा गावाच्या पारावर आम्ही म्हातारे वर्षभर भांडत होतो. तेवढंच बघून येऊ म्हणून शिरलो. नायक मगरीवर बसून पाण्यातून वर आला, एका हातानं त्यानं ट्रक उलथवला, आणि जिना चढताना धापा टाकणाऱ्या मी चक्क शिट्टी मारली. खिशातली डबी छातीला टोचत होती, तरी अजून एकच मारामारी म्हणत मी बसून राहिलो. धावत परतलो तर नर्स ओरडली, "अण्णा, कुठं फिरायलाव? अक्काची शुगर उतरायलीय, पाणी घेईनात!" मी डबी तिच्या गळ्यात घातली. कोरड्या ओठांनी तिनं विचारलं, "औषधाला लई गर्दी होती व्हय?" मी व्हय म्हणालो. तेव्हापासून आल्यागेल्याला ती कौतुकानं सांगते, माझ्या औषधासाठी हे उन्हात किती फिरले. आता दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला बारीक अक्षर वाचता येतं. म्हणून हे सगळं लिहिलेला हा कागद आज तिच्या उशाशी ठेवतोय.