नानांच्या समोरचा पाट

ठाण्याला माझ्या कचेरीच्या दारात कल्याणचा माणूस घाम पुसत उभा दिसला, तेव्हाच मी काय ते समजलो. काकू पहाटे गेली होती. ती दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती, म्हणून माझी पत्नी यमुना तिच्याजवळ कल्याणलाच होती आणि निरोप तिनेच धाडला होता. काकूने मला लहानाचा मोठा केला, तरी त्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारला तो, "नाना जेवले का?" तो बिचारा बघतच राहिला. "अहो, घरात अजून चूल कुठं पेटलीय?" म्हणाला. पण तो प्रश्न माझा नव्हताच. काकू कुठूनही परत आली, की पाय धुवायच्या आधी उंबऱ्यातूनच हे विचारीत असे.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. जन्मापासून मुके-बहिरे, आणि समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी. सासूने मरताना नानांचा हात काकूच्या हातात दिला, आणि पुढे काका वारले तरी तिने तो सोडला नाही. नाना जेवत ते फक्त तिच्यासमोर. ती ताट वाढी, त्यांच्या पाटावर तळहाताने दोन थापा मारी... ऐकू येत नसले तरी थाप लाकडातून अंगाला कळे... आणि समोर आपला पाट मांडून बसे. ती उठली, की त्यांचा घास तिथेच थांबे. माझ्यामागे याचे कसे होईल म्हणून दुसरी एखादी रडत बसली असती. काकू कामाला लागली.

आधी तिने मला ठाण्याहून बोलावून घेतले, कारण तिच्यामागे घर आणि आंबिवलीचे भातशेत माझ्याकडे यायचे होते. शास्त्राप्रमाणे नानांना वडिलार्जित मिळकतीत वाटा नाही, नुसते अन्नवस्त्र. "आणि ते द्यायचं कुणी विसरलं तर?" काकूने विचारले. तिला लेख करून हवा होता: नाना आहेत तोवर ते शेत विकायचे नाही, गहाण टाकायचे नाही, त्याचे भात त्यांच्यासाठी, आणि माजघरालगतची खोली त्यांची. मला रागच आला.

"काकू, माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

"तुझ्यावर आहे रे. तुझ्या आयुष्यावर नाही. तू माझ्याआधीच गेलास तर? तुझ्या पोरांना कोण सांगणार, नाना कोण ते?"

असले भलते बोलणे मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून घेतले नसते. मुकाट्याने स्टँपाच्या कागदावर सही केली. कल्याणच्या कचेरीत नोंदणी झाली, काकूने अंगठा उठवला, आणि बाहेर येऊन पदराला शाई पुसत म्हणाली, "कागद झाला. पण कागद काही घास भरवायचा नाही."

मग खरे अवघड काम सुरू झाले. काकूने यमुनेला ती थाप शिकवली आणि जेवणाच्या वेळी स्वतः घरातून नाहीशी होऊ लागली. पहिल्यांदा शेजारच्या परसात जाऊन बसली. नानांनी ताट भिरकावले, असे काही ओरडले की ती धावत परत आली. पुढच्या खेपेलाही तेच. तेव्हा मला म्हणाली, "इथं जवळ राहिले तर माझेच पाय मला परत आणतात. मला ठाण्याला ने." आगगाडीत सोवळेओवळे राहत नाही म्हणून तिने तोवर गाडीत पाऊल ठेवले नव्हते. त्या दिवशी ठेवले. पुढे मग यमुना कल्याणला आणि काकू ठाण्याला, असा आमचा अदलाबदलीचा कारभार सुरू झाला. ठाण्यात ती ना देवळात जाई ना तलावावर. ओसरीवर बसून राही, आणि वेळ झाली की म्हणे, "आता यमूनं थाप मारली असेल." एकदा मी चेष्टा केली, "काकू, ही मरणाची तालीमच म्हणायची!" "आहेच. नाटकवाल्यांनी केलेली चालते, आणि मी केली की अभद्र होय?" असे म्हणून हसली... आणि हसता हसताच डोळे पुसले. मला तिचा अभिमान वाटला, तो आजही वाटतो.

पुढे पुढे नाना यमुनेसमोर अर्धे ताट जेवू लागले, तेही दाराकडे डोळे लावून. काकू म्हणे, "अर्धं शिकला, उरलेलं शिकेल." ते उरलेले बघायला ती राहिली नाही.

त्या दिवशी स्मशानातून परतलो, तेव्हा शेजारून पिठलंभात आला होता. यमुनेने नानांना वाढले, पाटावर दोन थापा मारल्या. नाना हलले नाहीत. मग उठले, भिंतीशी टेकवून ठेवलेला काकूचा पाट घेऊन आले आणि आपल्यासमोर मांडला. आता हे तिची वाट बघत बसणार, तिची सारी मेहनत पाण्यात गेली, असे मला वाटले. पण नाना यमुनेकडे वळले... आणि त्या रिकाम्या पाटावर त्यांनी तळहाताने दोन थापा मारल्या.

सुनेने सासऱ्यासमोर पाट मांडून बसण्याची आमच्या घरात रीत नव्हती. यमुना कुणाकडेही न बघता पदर सावरून बसली. नाना सबंध ताट जेवले.

आता आम्ही कल्याणलाच राहतो; कचेरीला मी गाडीने जातो. संध्याकाळी घरी आलो, की पाय धुवायच्या आधी उंबऱ्यातूनच तो प्रश्न माझ्या तोंडून निघतो. यमुना नुसते भिंतीकडे बोट दाखवते. तिथे दोन पाट, नुकतेच धुतलेले, शेजारी शेजारी निथळत उभे असतात.